खाणप्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालय : अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक शिक्षणाचा अभ्यास

कोणत्याही देशात डॉक्टरांची एकूण संख्या किती आहे, एवढ्यावरून तेथील आरोग्यसेवेचे पुरते चित्र उभे राहत नाही. ते डॉक्टर कोठे राहतात आणि कोणत्या रुग्णांपर्यंत पोहोचतात, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो. अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रालाही तो पूर्णपणे सोडविता आलेला नाही. मोठ्या शहरांत विशेषज्ञांची दाटी आणि डोंगराळ, शेतीप्रधान व खाणींच्या भागांत साध्या कुटुंबवैद्याचीही वानवा, अशी विषम स्थिती तेथे अनेक दशके टिकून आहे. ती दूर करण्यासाठी जे निरनिराळे प्रयत्न झाले, त्यांत लहान गावांत निघालेल्या खासगी ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालयांचा समावेश होतो. केंटकी राज्याच्या पूर्व भागात पाइकव्हिल येथे १९९७ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय हे या प्रयत्नांचे अभ्यासनीय उदाहरण होय. अशा संस्थेचे आरोग्यव्यवस्थेत नेमके स्थान काय आणि तिच्या यशाला कोणत्या अटी असतात, हे या उदाहरणावरून समजून घेता येते.

पद्धतीचा उगम

ऑस्टिओपॅथी या पद्धतीचे प्रवर्तक डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ मध्ये व्हर्जिनिया राज्यात झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते आणि वैद्यकीही करीत. स्टिल यांनी कॅन्सस प्रदेशात वैद्यकी केली व अमेरिकेच्या यादवी युद्धात भाग घेतला. १८६४ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाची साथ आली आणि तीत त्यांची तीन मुले दगावली. रक्त काढणे, पाऱ्याची औषधे देणे, जुलाब घडविणे हे त्या काळचे प्रचलित उपाय होते. त्यांच्या निरुपयोगीपणाची तीव्र जाणीव या दुःखातून स्टिल यांना झाली. शरीराची रचना व तिचे कार्य परस्परांशी निगडित आहेत, शरीराच्या ठायी स्वतःला सावरण्याची शक्ती आहे आणि हाडे, सांधे व स्नायू यांतील बिघाड हातांनी दूर केल्यास त्या शक्तीला वाव मिळतो, असा विचार त्यांनी १८७४ पासून मांडण्यास प्रारंभ केला. ‘अस्थी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या पद्धतीला ऑस्टिओपॅथी हे नाव मिळाले.

मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल या लहानशा गावी १८९२ मध्ये स्टिल यांनी पहिले विद्यालय काढले. पहिल्याच तुकडीत स्त्रियांनाही प्रवेश देण्यात आला, ही त्या काळाच्या मानाने उल्लेखनीय गोष्ट होती. संस्थेच्या सनदेनुसार एम.डी. ही रूढ पदवी देता येत होती. तथापि आपला मार्ग वेगळा असल्याचे दर्शविण्यासाठी स्टिल यांनी डी.ओ. ही स्वतंत्र पदवी स्वीकारली. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मान्यतेचा दीर्घ मार्ग

या पदवीधरांना परवाना देणारे पहिले राज्य व्हर्माँट होय. तेथे १८९६ मध्ये कायदा झाला. परंतु सर्व राज्यांत समान अधिकार मिळण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील वैद्यकीय शिक्षणासंबंधी सादर केलेल्या अहवालात ऑस्टिओपॅथिक विद्यालयांवर कठोर टीका होती. अपुऱ्या प्रयोगशाळा, रुग्णालयांचा अभाव आणि शुल्कावर डोळा ठेवून केलेले प्रवेश हे दोष त्या काळच्या अनेक एम.डी. विद्यालयांतही होते. अहवालानंतर दुर्बल संस्था बंद पडत गेल्या. तगून राहिलेल्या ऑस्टिओपॅथिक विद्यालयांनी हळूहळू औषधशास्त्र, शस्त्रक्रिया व प्रयोगशाळा यांचा अभ्यासक्रमात पूर्ण अंतर्भाव केला.

दोन वैद्यकीय पंथांमधील अंतर किती कमी झाले होते, हे कॅलिफोर्नियातील घटनेवरून कळते. तेथील दोन्ही पंथांच्या संघटनांनी १९६१ मध्ये विलीनीकरणाचा करार केला. त्यानंतर सुमारे २,००० डी.ओ. डॉक्टरांनी ६५ डॉलर शुल्क भरून एम.डी. पदवी घेतली आणि लॉस एंजेलिसचे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय एम.डी. महाविद्यालय झाले. नवीन डी.ओ. पदवीधरांना त्या राज्यात परवाना देणेही थांबले. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ही बंदी उठली. दरम्यान १९६६ मध्ये सैन्यदलाने डी.ओ. डॉक्टरांना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेण्यास मान्यता दिली आणि १९७३ मध्ये मिसिसिपी हे त्यांना पूर्ण अधिकार देणारे शेवटचे राज्य ठरले.

विलीनीकरणानंतर देशात केवळ पाच ऑस्टिओपॅथिक महाविद्यालये उरली होती. आज त्यांची संख्या चाळीसच्या वर गेली आहे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एकूण विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक विद्यार्थी या महाविद्यालयांत आहेत. म्हणून यांना एखाद्या उपेक्षित पंथाची विद्यालये समजणे चुकीचे ठरेल.

शिक्षणक्रम आणि पदवीचा अर्थ

अमेरिकेत डी.ओ. पदवीसाठी आधी महाविद्यालयीन पदवी व नंतर चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण घ्यावे लागते. प्रवेशपरीक्षा एम.डी.साठी असते तीच आहे. सर्वसाधारणपणे पहिली दोन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र इत्यादी विषयांची आणि पुढील दोन वर्षे रुग्णालयांत प्रत्यक्ष अनुभवाची असतात. यांशिवाय हस्तोपचाराचे सुमारे २०० तासांचे शिक्षण दिले जाते. पदवीनंतर शाखेनुसार तीन ते सात वर्षे निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घ्यावे लागते. दोन्ही पदव्यांच्या निवासी प्रशिक्षणासाठी पूर्वी वेगवेगळ्या मान्यता होत्या. २०१४ मध्ये ठरलेली एकत्रित पद्धती २०२० मध्ये पूर्णपणे अमलात आली. डी.ओ. डॉक्टर औषधे लिहून देऊ शकतो, शस्त्रक्रिया करू शकतो आणि कोणत्याही विशेष शाखेत जाऊ शकतो. तथापि निम्म्याहून अधिक डी.ओ. डॉक्टर कुटुंबवैद्यक, अंतर्वैद्यक व बालरोग या प्राथमिक सेवेच्या शाखांत काम करतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. युरोपात व अन्य अनेक देशांत ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणजे केवळ हस्तोपचार करणारा व्यावसायिक असतो. तो पूर्ण अधिकाराचा डॉक्टर नसतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथील डॉक्टरांच्या नावापुढे डी.ओ. ही अक्षरे वारंवार दिसतात. ती अमेरिकन महाविद्यालयाची पदवी असेल तर तिचा धारक पूर्ण परवानाधारक डॉक्टर होऊ शकतो, हा भेद लक्षात घ्यावयास हवा.

हस्तोपचाराच्या शास्त्रीय मूल्याविषयीही तारतम्य ठेवणे इष्ट आहे. कंबरदुखीच्या रुग्णांसंबंधी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हस्तोपचार आणि नेहमीचे उपचार यांचे फळ जवळजवळ सारखेच आढळले. मात्र हस्तोपचार घेणाऱ्यांना औषधे कमी लागली. कवटीच्या हाडांवर हलका दाब देऊन अन्य रोग बरे करण्याच्या दाव्यांना असा आधार मिळालेला नाही. अनेक डी.ओ. डॉक्टर प्रत्यक्ष व्यवहारात हस्तोपचार क्वचितच करतात. त्यामुळे नव्या महाविद्यालयांचे सामाजिक महत्त्व ठरविताना ती कोठे निघतात, कोणाला शिकवितात आणि त्यांचे पदवीधर कोठे स्थिरावतात, याच गोष्टी प्रामुख्याने पाहाव्या लागतात.

कोळशाच्या खोऱ्यातील संस्था

पाइकव्हिल हे ॲपलेशियन पर्वतराजीतील गाव आहे. नदी, लोहमार्ग आणि महामार्ग यांनी गावाचा अरुंद खोलगट भाग व्यापला होता. वारंवार येणारे पूर टाळण्यासाठी डोंगर कापून या तिन्हींना नवी वाट काढून देण्याचे प्रचंड काम येथे १९७३ ते १९८७ या काळात पार पडले. त्यासाठी सुमारे १ कोटी ८० लाख घनयार्ड माती व खडक हलवावा लागला. एवढे साध्य झाले तरी खोऱ्यातील वस्त्यांना डॉक्टर मिळण्याची अडचण कायम होती. राज्याची दोन सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालये लेक्सिंग्टन आणि लुइव्हिल या शहरांत. त्यांतील जवळचे लेक्सिंग्टनही सुमारे २३० किलोमीटर दूर. खोऱ्यातील मुलगा शिकण्यासाठी शहरात गेला की तेथेच व्यवसाय थाटण्याचा संभव अधिक, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

गावात प्रेस्बिटेरियन पंथीयांनी १८८९ मध्ये स्थापन केलेली एक शिक्षणसंस्था होती. तिचे पुढे महाविद्यालय झाले आणि २०११ पासून ते विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले. याच संस्थेने १९९७ मध्ये सुमारे ६० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी घेऊन ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालय उघडले. पहिले पदवीधर २००१ मध्ये बाहेर पडले. पूर्व केंटकी व आसपासच्या ॲपलेशियन भागासाठी प्राथमिक सेवेचे डॉक्टर तयार करणे हे उद्दिष्ट आरंभीच जाहीर करण्यात आले होते. पुढे प्रत्येक तुकडीची विद्यार्थिसंख्या दुपटीहून अधिक झाली.

शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने असाच प्रयोग आधी अनुभवला होता. तेथे लुइसबर्ग येथे १९७४ मध्ये खासगी ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले आणि त्याच दशकात ती संस्था राज्याने आपल्या व्यवस्थेत सामावून घेतली. पाइकव्हिलची संस्था मात्र खासगीच राहिली. दगडी कोळशाच्या उत्खननावर राज्य जो कर घेते, त्याच्या उत्पन्नातून केंटकीच्या रहिवासी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची योजना आखण्यात आली. खासगी महाविद्यालयाचे शुल्क आणि सार्वजनिक महाविद्यालयाचे शुल्क यांतील फरक भरून काढणे हे तिचे तत्त्व होते. तिचा लाभ घेणाऱ्याने प्रत्येक वर्षाच्या साहाय्याबद्दल केंटकीत एक वर्ष प्राथमिक सेवा द्यावी, अशी अट ठेवण्यात आली. जमिनीतून निघणाऱ्या संपत्तीचा काही अंश त्याच भूमीतील माणसांच्या आरोग्यासाठी वळविण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे. तथापि कोळशाचे उत्पादन घटले की या निधीचा आधारही डळमळतो, हे तिचे वैगुण्य ध्यानात घ्यावे लागते.

खोऱ्यात डॉक्टर असण्याचे महत्त्व एका घटनेवरून स्पष्ट होईल. कोळशाची व दगडाची धूळ फुप्फुसांत साठून होणारा खाणकामगारांचा रोग अमेरिकेत मागे हटला आहे, असा समज होता. २०१६ मध्ये पूर्व केंटकीतील एका क्ष-किरण चिकित्सालयातील डॉक्टरांना आपल्याकडे येणाऱ्या कामगारांत या रोगाची अतितीव्र अवस्था वारंवार दिसू लागली आणि त्यांनी राष्ट्रीय संशोधन संस्थेला कळविले. तपासणीअंती जानेवारी २०१५ ते ऑगस्ट २०१६ या काळात त्या एकाच चिकित्सालयात असे ६० आजी-माजी कामगार आढळले. रोग नोंदला जाण्यासाठी तो ओळखणारा डॉक्टर त्या भागात असावा लागतो. डॉक्टर नसेल तेथे रुग्ण उपचाराला मुकतोच, शिवाय त्याचा आजार शासनाच्या आकडेवारीतही उमटत नाही.

निवासी प्रशिक्षणाची अडचण

महाविद्यालय उघडल्याने पदवीधर मिळतात. स्वतंत्रपणे व्यवसाय करणारा डॉक्टर मात्र निवासी प्रशिक्षणानंतरच घडतो. अमेरिकेत या प्रशिक्षणाचा मोठा भार वृद्धांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी विमायोजना उचलते. पाइकव्हिलचे महाविद्यालय ज्या वर्षी उघडले, त्याच १९९७ मध्ये केंद्रीय अर्थसंकल्पाशी संबंधित कायद्याने प्रत्येक रुग्णालयाला मिळणाऱ्या अशा अर्थसाहाय्याच्या जागा १९९६च्या पातळीवर गोठविल्या. पुढील दोन तपांत महाविद्यालये वाढली. जुन्या रुग्णालयांतील अनुदानित जागा त्या प्रमाणात वाढू शकल्या नाहीत. १,००० नव्या जागांची तरतूद डिसेंबर २०२० मध्ये झाली, तीही टप्प्याटप्प्याने द्यावयाची होती.

या कायद्यात एक वाट खुली होती. पूर्वी कधीही निवासी डॉक्टर न घेतलेल्या रुग्णालयाने नवे प्रशिक्षण सुरू केल्यास त्याला नव्याने जागा मिळू शकत होत्या. लहान गावांतील रुग्णालये बहुधा या वर्गात मोडतात. त्यामुळे गावातील महाविद्यालयाने परिसरातील रुग्णालयांना हाताशी धरून प्रशिक्षणकेंद्रे उभारणे शक्य झाले. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने सामुदायिक आरोग्यकेंद्रांतच निवासी प्रशिक्षण देण्याची वेगळी योजनाही आणली. नवोदित डॉक्टर ज्या ठिकाणी प्रशिक्षण घेतो, तेथे किंवा त्याच्या आसपास स्थायिक होण्याचा कल दिसून येतो. म्हणूनच प्रशिक्षणाच्या जागांचा विचार न करता केवळ प्रवेशसंख्या वाढविणे म्हणजे उगम रुंद करून कालवा अरुंद ठेवण्यासारखे आहे.

विद्यार्थ्यांच्या तिसऱ्या व चौथ्या वर्षाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. अनेक ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांचे स्वतःचे मोठे रुग्णालय नसते. त्यांचे विद्यार्थी दूरदूरच्या लहान रुग्णालयांत पाठविले जातात. याचा लाभ असा की, विद्यार्थ्याला सामान्य आजार, सामान्य माणसे आणि मर्यादित साधने यांचा परिचय होतो. धोका असा की, शिकविणारे डॉक्टर स्वतःच्या कामात गढलेले असल्यास शिक्षण ठिकठिकाणी कमीअधिक दर्जाचे होते. लहान रुग्णालय बंद पडल्यास प्रशिक्षणाची व्यवस्थाही कोलमडते.

शुल्क, कर्ज आणि नफा

खासगी ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांचे वार्षिक शुल्क अनेक ठिकाणी ५०,००० डॉलरच्या वर आहे. राहणीचा खर्च धरता पदवी हाती येईपर्यंत विद्यार्थ्यावर दोन लाख डॉलरहून अधिक कर्ज झालेले असणे सामान्य समजले जाते. एवढे ओझे घेऊन बाहेर पडणारा तरुण अधिक उत्पन्नाच्या शाखेकडे व शहराकडे वळला, तर त्याला दोष देणे कठीण आहे. यावर उपाय म्हणून नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही केंद्रीय योजना डॉक्टरांची उणीव असलेल्या भागांत सेवा करणाऱ्यांना शिष्यवृत्ती देते किंवा त्यांच्या कर्जाची फेड करते. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने मात्र १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या अशा विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० व एकूण २ लाख डॉलर ठरविली. या मर्यादेबाहेरचा खर्च विद्यार्थ्याला अन्य मार्गांनी उभा करावा लागेल. गरीब ग्रामीण घरातील विद्यार्थ्यालाच याची झळ अधिक पोहोचण्याचा संभव आहे, आणि गावाकडे परतण्याची शक्यताही त्याचीच अधिक असते.

नफ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या महाविद्यालयांमुळे हा विचार अधिक गंभीर बनतो. फ्लेक्सनर अहवालानंतर अशी विद्यालये अमेरिकेतून नाहीशी झाली होती. २००८ मध्ये कोलोरॅडो राज्यात रॉकी व्हिस्टा या संस्थेच्या रूपाने ती पुन्हा अवतरली. २०१८ मध्ये आयडाहो राज्यातील मेरिडियन येथे उघडलेले ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयही आरंभी याच तत्त्वावर उभे होते. आयडाहोत तोवर एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. १९७२ पासून तेथील काही विद्यार्थ्यांना वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आंतरराज्य योजनेत जागा मिळत. लोकसंख्येच्या मानाने डॉक्टरांची संख्या तेथे फार कमी होती. सरकारी भांडवल न घेता महाविद्यालय उभे राहते, ही अशा संस्थांच्या समर्थकांची जमेची बाजू होय. संशोधन, रुग्णालय आणि शिक्षक यांवरील खर्च टाळून नफा काढला जाण्याची भीती ही टीकाकारांची हरकत होय. दोन्ही मतांत तथ्य आहे. निर्णय अखेर अधिस्वीकृती देणाऱ्या यंत्रणेच्या दक्षतेवर आणि संस्थेच्या पदवीधरांच्या परीक्षांतील व प्रशिक्षणातील कामगिरीवर अवलंबून राहतो.

अनुभवाचे सार

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागांत आरोग्यसेवक टिकवून धरण्यासंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या. ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य द्यावे, विद्यालये राजधान्या व मोठी शहरे यांच्याबाहेर काढावीत, शिक्षणकाळातच ग्रामीण सेवेचा अनुभव द्यावा, सेवेच्या अटीवर शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि डॉक्टरांच्या कुटुंबाच्या राहणीची सोय पाहावी, असा त्यांचा आशय होता. पाइकव्हिलच्या रचनेत यांतील बऱ्याच गोष्टी त्याआधीच आल्या होत्या.

या सर्व विवेचनावरून असे म्हणता येईल की, नवे खासगी वैद्यकीय महाविद्यालय हे आरोग्यसेवेचे एक साधन आहे. त्याला संपूर्ण योजनेचे स्थान देता येत नाही. अशा संस्थेचे स्वागत करताना काही प्रश्न जरूर विचारावेत. तिच्या विद्यार्थ्यांपैकी किती त्याच भागातील आहेत? त्यांना शिकविण्यास पुरेसे रुग्ण व पुरेसे शिक्षक आहेत काय? पदवीनंतरचे प्रशिक्षण जवळपास मिळते काय? शुल्काचा भार कोण उचलतो आणि त्याच्या मोबदल्यात कोणती सेवा अपेक्षित आहे? दहा वर्षांनी तिचे पदवीधर कोठे काम करीत आहेत, याची नोंद ठेवली जाते काय?

इमारतीच्या उद्‌घाटनप्रसंगी या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. पहिल्या तुकडीला चार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर किमान तीन वर्षांचे प्रशिक्षण पुरे करावयाचे असते. म्हणजे आज उघडलेल्या महाविद्यालयाचा पहिला डॉक्टर खोऱ्यातील दवाखान्यात बसण्यास निदान सात वर्षे जावी लागतात. त्या सात वर्षांत स्थानिक रुग्णालय चालू ठेवणे, शिष्यवृत्तीचा निधी आटू न देणे आणि येणाऱ्या डॉक्टरसाठी घर, मुलांसाठी शाळा व सहकाऱ्यांची सोबत यांची सिद्धता करणे, ही कामे महाविद्यालयाच्या आवाराबाहेरच्या लोकांना करावी लागतात. शासन, स्थानिक संस्था आणि नागरिक यांनी ती वेळीच केली, तरच महाविद्यालयावर झालेल्या खर्चाचे फळ त्या भागातील रुग्णाच्या पदरात पडते.